काळ्या नंबरप्लेटीची गाडी

“अवो, ह्या गाडयेची प्लेट काळी कित्याक?”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाक्षीने नव्या गाडीच्या तोंडावरचा सुकलेला झेंडूचा हार उतरवला आणि अंगणातूनच नवऱ्याला हाक मारली. कृष्णनाथ गडेकर पडवीत बसून गाडीची माहितीपुस्तिका वाचत होते. सतराव्या पानावर होते. वायपरचं पाणी कुठे भरायचं हे कळल्याशिवाय ते उठणार नव्हते, पण बायकोचा आवाज नेहमीचा नव्हता म्हणून उठले.

प्लेट खरंच काळी होती. काळ्यावर पिवळे आकडे. गोव्याबाहेरच्या वाचकाला यात काय मोठंसं, असं वाटेल, म्हणून सांगून टाकतो. आमच्याकडे पांढरी प्लेट म्हणजे घरची गाडी, पिवळी म्हणजे टॅक्सी, आणि काळ्यावर पिवळे आकडे म्हणजे पर्यटकांना भाड्याने द्यायची गाडी. ती लांबून दिसली की म्हातारी माणसं गटार ओलांडून पलीकडे उभी राहतात, आणि पोलीस खिशातली शिट्टी काढतात. असली गाडी कोरगावात गडेकरांच्या तुळशीसमोर उभी होती.

“काल फुडे-मागे हार होते म्हणान दिसली नाय,” कृष्णनाथ म्हणाले. “शोरूमवाल्यांची चूक असतली. बदलून देतले.”

“देवंदेत. पण असली प्लेट घेवन मी सर्वणाक जावचंय नाय. आधीच सांगतंय.”

सर्वण हे डिचोलीजवळचं गाव, कमलाक्षीचं माहेर. लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं ती कोरगावहून पेडणे, पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली अशा बशी बदलत तिथे जात होती, आणि डिचोलीहून पुढे जे मिळेल त्याने, नाहीतर पायी. प्रत्येक वेळी तिची भावजय पद्मावती पायरीवर उभी राहून एकच विचारायची, “बशीन इलात, वन्सं? दमला असतलात!” त्यात वाईट काही नव्हतं. पण तेच वाक्य चौतीस वर्षं ऐकून बघा. कमलाक्षीला सोनंनाणं नको होतं, काशी नको होती. तिला फक्त एकदा स्वतःच्या गाडीतून भावाच्या दारात उतरायचं होतं. हे तिने लग्नानंतर नवव्या वर्षी नवऱ्याला सांगितलं आणि कृष्णनाथांनी ते हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर लगेच मनावर घेतलं. त्यांच्या मानाने ते लवकरच म्हणायचं.

कारण कृष्णनाथ हेडक्लार्क होते. तेहतीस वर्षांत न वाचता त्यांनी एकाही कागदावर सही केली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं, तिकिटाच्या मागचं, लग्नपत्रिकेच्या तळाशी असलेलं छापखान्याचं नाव, सगळं वाचायचे. विजेचं बिल घेऊन येणारा माणूस त्यांच्या घरी आला की आधी पाणी मागून बसून घ्यायचा. अशा माणसाला कोणी फसवील अशी कोरगावात कोणाची कल्पना नव्हती, आणि त्यांची स्वतःची तर अजिबातच नव्हती.

म्हापशाच्या शुभसारथी मोटर्समध्येही त्यांनी बुकिंगचा फॉर्म तीनदा वाचला होता. ‘सारथी सुलभ योजना, साठ मासिक हप्ते,’ एवढंच त्यात होतं.

“योजना म्हणजे काय?” त्यांनी विचारलं होतं.

“प्लॅनचं नाव आहे सर ते,” विक्रेता गोपाळ म्हणाला. मुलगा गोड होता, बोलता बोलता खुर्ची पुसायचा. “महिन्याला भरायचं, गाडी तुमच्या दारात. इन्शुरन्स आम्ही बघणार, सर्व्हिसिंग आम्ही करणार. तुम्ही फक्त चालवायची!”

यातला शब्द न् शब्द खरा होता, हे लक्षात घ्या. गाडी ‘तुमच्या दारात’ असेल असं तो म्हणाला. ती ‘तुमची’ असेल असं काही म्हणाला नव्हता.

“कराराचा कागद दाखव. वाचतो, मग सही करतो.”

“सही नकोच सर! हल्ली कागद गेले. गाडी घरी पोचली की कंपनीचा दोन मिनिटांचा फोन येतो, झालं.”

सही नको म्हटल्यावर कृष्णनाथ निर्धास्त झाले. जिथे सही नाही तिथे धोका नाही, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब होता. दसऱ्याला गाडी आली, पूजा झाली, गूळखोबरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी हा काळा चेहरा दिसला.

चूक दुरुस्त करून आणतो म्हणून कृष्णनाथ गाडी घेऊन एकटेच म्हापशाला निघाले. निघाले तसे पहिल्याच तिठ्यावर एका जोडप्याने हात दाखवून गाडी थांबवली, काचेवर टकटक केलं आणि बागा बीचचा रस्ता विचारला. तो सांगून होतो न होतो तोच पोलिसाने अडवलं.

“हॉटेल कौनसा?” पोलिसाने विचारलं.

“कोरगाव,” कृष्णनाथ म्हणाले.

“कोरगाव में कौनसा हॉटेल?”

“अरे पुता, हॉटेल कसला? माझा घर आसा थंय!”

पोलीस चपापला. मग त्याने खाली वाकून आत बघितलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, पुढच्या सीटवर कापडी पिशवी. तो मराठीवर आला. “काका, गाडी रेंटवर घेतलात?”

“विकत घेतलंय! कालच!”

पोलिसाने हातातल्या यंत्रात गाडीचा नंबर घातला आणि पडदा कृष्णनाथांसमोर धरला. मालकाच्या नावापुढे ‘शुभसारथी भाडेपट्टा कंपनी’ असं होतं. कृष्णनाथांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि पुन्हा लावून वाचलं. वाचण्यात ते कधी चुकत नसत, हेच तर दुःख होतं.

शोरूमच्या मॅनेजरने त्यांना एसीत बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे समजावलं. ही गाडी विकलेली नव्हती, साठ महिन्यांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली होती. पाच वर्षांनी ती परत करायची. आधी परत केली तर उरलेल्या हप्त्यांची निम्मी रक्कम दंड.

“पण मी सहीच केली नाय!” कृष्णनाथ टेबलावर हात आपटून म्हणाले.

“सहीची गरज नाही सर. तुमची संमती आमच्याकडे रेकॉर्ड आहे. ऐकवू?”

त्याने कॉम्प्युटरवर बोट ठेवलं. एका बाईचा स्वच्छ, गंभीर आवाज आला. “नमस्कार. शुभसारथी वाहन भाडेपट्टा सेवेत आपलं स्वागत. हे संभाषण ध्वनिमुद्रित केलं जात आहे.”

मग क्षणभर शांतता, आणि पाठोपाठ वीस-पंचवीस माणसांचा गजर: “व्हय म्हाराजाऽऽ!”

कृष्णनाथांनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर आदला दिवस उभा राहिला. गाडीसमोर वाडीतली सगळी मंडळी हात जोडून, डोळे मिटून उभी. शेजारचा भिकाजी नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालतोय. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या पेडण्यात कुठलंही शुभकार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. एक जाणता माणूस देवाला साकडं घालतो, मध्ये मध्ये थांबतो, आणि तो थांबला की सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तो नेमकं काय म्हणाला हे फारसं कोणी ऐकत नाही. आवाज थांबला की व्हय, इतकंच. चालायला यायच्या आधी पोरं हे शिकतात. आणि नेमका त्याच वेळी कंपनीचा फोन आला होता. गाडी पोचवायला आलेल्या माणसाने तो घेतला, आवाज मोठा केला आणि बॉनेटवर नारळाच्या जागी ठेवला. भिकाजी अदबीने गप्प झाला, आणि त्याच्या जागी ती बाई बोलू लागली.

“वाहनाची मालकी मुदतीत आणि मुदतीनंतरही कंपनीकडेच राहील. मान्य असल्यास होय म्हणा.”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

“मुदतीपूर्वी वाहन परत केल्यास दंड आकारला जाईल. मान्य असल्यास होय म्हणा.”

“व्हय म्हाराजाऽऽ!” या खेपेला गजर जोरात होता, आणि त्यात जमिनीजवळून आलेला एक आवाज वेगळा ऐकू येत होता. तो स्वतः कृष्णनाथांचा होता. ते त्या वेळी गाडीखाली वाकून चाकाला लिंबू लावत होते.

“आपली संमती नोंदवली आहे. आपला दिवस शुभ जावो.”

“व्हय म्हाराजाऽऽ!” आणि फट्कन नारळ फुटल्याचा आवाज.

“बघा सर,” मॅनेजर हसून म्हणाला, “आख्ख्या वाडीने मान्य केलंय. साक्षीदार शोधायला नकोत.”

कृष्णनाथ घरी आले ते थेट पडवीतल्या बाकावर बसले. माहितीपुस्तिका उचलली नाही, वर्तमानपत्र उचललं नाही. कमलाक्षीने सगळं ऐकून घेतलं. आधी ती पदर तोंडाला लावून पोट धरून हसली, कारण हसण्यासारखं होतंच. मग डोळे पुसून तिने गाडीकडे बघितलं, आणि तिचं हसू गेलं.

“म्हणजे ही आमची न्हंय.”

“नाय.”

“आणि होवचीव नाय.”

“नाय.”

“मगे ह्या गाडयेत मी पाय ठेवचंय नाय. जेच्या आरसी पुस्तकात आमचा नाव नाय, त्या गाडयेतसून उतरून पद्मावतीच्या पायरीर काय सांगू? कंपनीच्या गाडयेन इलंय?” ती उठून उभी राहिली. “आणि दंडबिंड एक पैसो देवचो नाय. तांका गाडी परत, आमका पैसे परत.”

“अगो, रेकॉर्ड आसा तांच्याकडे...”

“रेकॉर्ड ऱ्हवंदी. रेशनच्या दुकानाच्या भिंतीर पत्रो लावलेलो आसा, बघलात? ग्राहकाला वस्तूची पूर्ण माहिती मिळण्याचा हक्क. निवड करण्याचा हक्क. म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. पंचवीस वर्सां त्या रांगेत उभी ऱ्हवलंय, तो पत्रो माका पाठ आसा. तुमी सगळो जन्म वाचलात ना? आता लिवा!”

आणि कृष्णनाथांनी लिहिलं. हेडक्लार्कची नोटीस ती. ‘वरील विषयास अनुसरून’ अशी सुरू झालेली, अकरा वेळा खोडून पुन्हा लिहिलेली, रजिस्टर पोस्टाने पाठवलेली. पंधरा दिवसांत गाडी घेऊन जावी आणि रक्कम परत करावी. शोरूमचं उत्तर आलं की दंड भरा आणि खुशाल गाडी आणून द्या. सोबत बेचाळीस पानांचा इंग्रजी करारही होता, जो दसऱ्याच्या आधी मागून मिळाला नव्हता. कृष्णनाथांनी तो शब्दकोश घेऊन वाचला, आणि उत्तर गोव्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील लावला नाही. लावावाच लागत नाही, हेही त्यांनी वाचलं होतं.

इकडे गाडी अंगणात निळ्या ताडपत्रीखाली उभी राहिली. पण काळी प्लेट ताडपत्रीखालूनही लोकांना कशी दिसायची देव जाणे. मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसवाल्याने निरोप धाडला की सीझनभर गाडी द्या, कमिशन देतो. एकदा दुपारी दिल्लीची चार माणसं थेट पडवीत आली.

“अंकल, पर डे कितना?”

“कंपनीला विचारा,” कृष्णनाथ म्हणाले. “माझी नाही.”

“तो आपकी कौनसी है?”

कमलाक्षीने आतून येऊन चौघांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

सगळ्यात वाईट हाल भिकाजीचे झाले. तालुक्यात त्याच्यासारखं गाऱ्हाणं घालणारा दुसरा नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा. आता लोक त्याला बघितलं की विचारायचे, “काय भिकाजी, कोणाची गाडी घालवतलस आज?” तो रोज संध्याकाळी येऊन बाकावर बसायचा आणि म्हणायचा, “कृष्णनाथबाब, माझ्या गाऱ्हाण्यात त्या बायेचा गाऱ्हाणा शिरला. माका कळला नाय. माझोच गुन्हो.”

“गुन्हो-बिन्हो काय नाय,” कमलाक्षी त्याला चहा देत म्हणायची. “पणजेक येवन साक्ष दी, म्हणजे झाला.”

तारखा पडत गेल्या. आठव्या महिन्यात मॅनेजरचा फोन आला. तक्रार मागे घेतली तर कंपनी खूश होऊन एक वर्षाचं सर्व्हिसिंग फुकट देईल, शिवाय एकावन्न नगांचा डिनर सेट. कृष्णनाथ जरा डळमळले. माणूस थकतोच. त्यांनी फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं.

“डिनर सेटात बसून सर्वणाक जाव?” कमलाक्षीने विचारलं.

त्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटच्या सुनावणीला भिकाजी आणि वाडीतली सोळा माणसं टेम्पो करून पणजीला गेली. साक्ष एकट्या भिकाजीची होती, पण व्हय सगळ्यांनी म्हटलं होतं, तेव्हा येणं भाग आहे असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. भिकाजीच्या पिशवीत नारळ होता. दारावरच्या शिपायाने तो काढायला लावला.

“हा कशाला?”

“नारळ हातात नसलो तर माझो आवाज लागणा नाय,” भिकाजी म्हणाला. शिपाई डिचोलीकडच्या साळ गावचा होता, गाऱ्हाणं त्यालाही ठाऊक होतं. त्याने नारळ हलवून बघितला आणि परत दिला.

आयोगाच्या अध्यक्ष मध्यम वयाच्या, चष्मेवाल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. कंपनीचे वकील ॲडव्होकेट रामचंद्र प्रभुदेसाई. काळा कोट, लॅपटॉप, फर्डं बोलणं. मूळचे पेडणे तालुक्यातल्या तुयेचे, पण ते त्यांनी त्या दिवशी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी रेकॉर्ड वाजवून दाखवलं आणि म्हणाले, “संमती स्पष्ट आहे, निःसंदिग्ध आहे, आणि चार वेळा दिलेली आहे. त्यात तक्रारदाराचा स्वतःचा आवाजही आहे, हे ते नाकारत नाहीत.”

“नाकारत नाही,” कृष्णनाथ उभे राहून म्हणाले. ते घाबरले नव्हते. इतके महिने वाचून वाचून त्यांना प्रकरणातलं पान न् पान ठाऊक होतं. “पण मॅडम, बुकिंगच्या फॉर्मवर भाडेपट्टा हा शब्द एकदाही नाही. मी करार मागितला, दिला नाही. पैसे आधी घेतले, अटी नंतर ऐकवल्या, त्यासुद्धा पूजा चालू असताना. आणि आम्ही जे व्हय म्हटलं, ते त्या बाईला नव्हतं. ती आमची सवय आहे.”

“सवय?” अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “म्हणजे समोरचा काहीही बोलला, तरी तुम्ही होय म्हणता?”

“काहीही,” कृष्णनाथ म्हणाले.

“हे कसं मानायचं, मॅडम?” वकील हसले. “सज्ञान माणसं आहेत. न ऐकता कोण हो म्हणेल?”

अध्यक्षबाईंनी साक्षीदाराकडे मान वळवली. “तुम्हीच गाऱ्हाणं घालत होता ना? ते कसं असतं, जरा सांगा.”

भिकाजी याच क्षणाची दहा महिने वाट बघत होता. तो पुढे आला. पिशवीतून नारळ काढून दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, आणि त्या सरकारी हॉलच्या खिडक्यांच्या काचा थरथरतील असा आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां पणजेक, ह्या न्यायाच्या दारात गोळा झाली आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजाऽऽ!” सोळा माणसं म्हणाली.

“तेंका बरी बुद्धी दी, वाटेर सांभाळ, घराकडे सुखरूप पोचय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजाऽऽ!” आता मागच्या बाकावरचे दुसऱ्या खटल्यातले लोकही उठून उभे राहिले होते. दारातल्या शिपायाने चप्पल काढली होती.

“आणि ह्या हॉलात जो कोणी काळो कोट घालून उभो आसा, तेची घरची गाडी ह्या कृष्णनाथाच्या बायलेक देवन टाक म्हाराजा!”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

गजर थांबला. अध्यक्षबाई भिकाजीकडे बघत नव्हत्या. त्या वकिलांकडे बघत होत्या. ॲडव्होकेट रामचंद्र प्रभुदेसाई हात जोडून, डोळे मिटून, मान खाली घालून उभे होते, आणि त्यांचा व्हय सगळ्यांच्या नंतर, एकट्याचा, स्वच्छ ऐकू आला होता.

“वकीलसाहेब,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

वकिलांनी डोळे उघडले. “मॅडम?”

“आत्ता आपण कशाला होय म्हणालात?”

वकिलांनी आजूबाजूला बघितलं. सोळा माणसं ओठ दाबून उभी होती. “म्हणजे... सुखरूप घरी पोचण्याविषयी काहीतरी होतं मॅडम.”

“त्याच्या पुढचं?”

पुढचं त्यांना सांगता आलं नाही. शिपायाने सांगितलं, तेव्हा हॉलमध्ये जे हसू फुटलं ते आवरायला अध्यक्षबाईंना दोनदा टेबल वाजवावं लागलं, आणि दुसऱ्यांदा वाजवताना त्या स्वतःच हसत होत्या.

निकाल तीन आठवड्यांनी आला. ग्राहकाला पूर्ण माहिती दिलेली नाही, संमती समजून-उमजून घेतलेली नाही, ही अनुचित व्यापार पद्धत आहे. कंपनीने गाडी स्वखर्चाने घेऊन जावी, भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत करावी, आणि मनस्तापाची भरपाईही द्यावी. कृष्णनाथांनी निकाल पडवीत उभं राहून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, शिक्क्यासकट. शुभसारथीचा माणूस गाडी न्यायला आला तेव्हा कमलाक्षीने ताडपत्री स्वतः ओढून काढली. गाडी गेली. अंगण मोकळं झालं. भिकाजीने पुन्हा मान वर करून चालायला सुरुवात केली.

पण कमलाक्षीने त्या संध्याकाळी बशीसाठी ठेवलेली सुट्या पैशांची पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. जिंकली होती, पण सर्वणला जायचं ते अजून बशीनेच.

त्यानंतरच्या रविवारी एक जुनी, तांबड्या रंगाची, पांढऱ्या प्लेटीची गाडी खोकत अंगणात शिरली. चालवत होते ॲडव्होकेट रामचंद्र प्रभुदेसाई. शेजारी त्यांची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची, काटक. आधी तीच उतरली.

“कृष्णनाथाची बायल खंय आसा?”

“मी,” कमलाक्षी म्हणाली. “या, बसा.”

“बसतंय मागीर. आधी चावी घे. ह्येना नारळासमोर, देवाच्या नावान व्हय म्हटला. गाडी तुझी.”

वकील कपाळाला हात लावून म्हणाले, “आईला शंभरदा समजावलं, वहिनी. कायद्याने ते बंधनकारक नाही. असं आयोगानेच म्हटलंय. तुमच्याच बाजूने म्हटलंय!”

“आयोगान तुमका सांगलेला,” म्हातारी म्हणाली. “देवाक कोणी सांगलेला? त्या दिसासून गाडी सकाळी एका दमात चालू जायना. रोज शेजाऱ्यांक हाडून ढकलूची पडता. माका घरात असली गाडी नको.”

आता कोणी म्हणेल, कमलाक्षीने चावी घेतली आणि झालं. तिची ओळख अजून पटली नाही तुम्हाला. ती म्हणाली, “आजी, फुकट घेवचंय नाय. मी ग्राहक. वकीलसायब, बसा हय. किती वर्सांची गाडी?”

“अकरा.”

“मालक किती?”

“मी एकटाच.”

“अपघात?”

“एकदा. कुंपणाला.”

“लिवन देतलात?”

पणजी-म्हापशात ज्याच्यासमोर साक्षीदारांना घाम फुटायचा तो माणूस पडवीतल्या बाकावर बसून तासभर उत्तरं देत होता, आणि कृष्णनाथ समोर बसून ती लिहून घेत होते. मग त्यांनी गाडीचं पुस्तक, विमा, प्रदूषणाचा दाखला सगळं वाचलं. इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी ताडून बघितला. म्हापशाच्या एका जाणत्या मेकॅनिककडून किंमत विचारून आणली, तेवढी दिली, आणि पावती घेतली. महिन्याभराने पुस्तक पोस्टाने आलं. मालकाच्या नावापुढे छापलं होतं: कमलाक्षी कृष्णनाथ गडेकर. ते मात्र कृष्णनाथांनी स्वतः न वाचता बंद पाकिटातच तिच्या हातात दिलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ती दोघं सर्वणला गेली. तांबडी गाडी धापा टाकत गेली, पण गेली. पद्मावती पायरीवर उभी होतीच. तिने नेहमीसारखं तोंड उघडलं, आणि काय विचारायचं ते न सुचून मिटलं. कमलाक्षी दार उघडून सावकाश उतरली, अगदी सावकाश. शंभूने, तिच्या धाकट्या भावाने, गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला पायाने टेकून बघितलं आणि “बरी आसा” म्हणाला. जेवण झालं, पान झालं, पद्मावतीने केळीचा घड मागच्या सीटवर ठेवला. माहेरचं काही घेताना पहिल्यांदाच कमलाक्षीने ‘बशीत कसा नेव’ असं म्हटलं नाही.

निघताना मात्र गाडी चालू होईना. कृष्णनाथांनी एकदा चावी फिरवली, दोनदा फिरवली, माहितीपुस्तिका काढली. शेवटी शंभूने धोतर वर खोचलं, शेजारचे दोघं-तिघं आले, आणि सगळ्यांनी मागून जोर लावला. गाडी वीतभर सरकली आणि थांबली. समोर चढ होता.

“बाय!” शंभू मागून ओरडला. “तू तरी वायच खाली उतर गो! जड जाता!”

कमलाक्षीने काच खाली केली. पदर सारखा केला, आणि डोकं बाहेर काढून मागे बघितलं.

“चवतीस वर्सां मी चलत इलंय तुझ्या दारात,” ती म्हणाली. “आज उतरूचंय नाय. माझी गाडी आसा ती. ढकल!”

आणि शंभूने ढकलली. पद्मावतीही पायरी उतरून आली, पदर खोचून नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली, आणि तिनेही हात लावला.